बियाणं उगवलं नाही, दुकानदार दाद देत नाही: ग्राहक आयोगात एकट्याने आणि गावाने मिळून तक्रार कशी करायची

तीन हजारांच्या बियाण्याच्या बॅगेसाठी कोर्टात कोण जातं, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. नेमकं याच समजुतीवर खराब माल विकणाऱ्याचं फावतं. लहान रकमेच्या फसवणुकीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे वकील लावायलाच हवा असं नाही, अर्ज मराठीत चालतो, आणि मालासाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे. ही फी नुकसानभरपाई किती मागता यावर नाही, तर तुम्ही किती पैसे मोजले यावर ठरते. म्हणजे सहा हजारांचं बियाणं घेतलं आणि पन्नास हजारांचं नुकसान मागितलं, तरी फी लागत नाही.

मराठवाड्यात ग्राहक म्हणून सगळ्यात मोठी खरेदी पेरणीच्या तोंडावर होते, म्हणून हा लेख सोयाबीन बियाण्याच्या उदाहरणावर चालवला आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती. फ्रीज, मोबाईल, विमा किंवा क्लासची फी असा विषय असला तरी टप्पे हेच आहेत, फक्त पुरावे वेगळे. लातूर-नांदेडच्या पालकांसाठी जाता जाता सांगतो: शाळा-कॉलेजचं शिक्षण या कायद्यात बसत नाही, पण खासगी कोचिंग क्लास बसतात, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलं आहे.

पहिला आठवडा

तक्रारीचा निकाल आयोगातल्या वादावादीत लागतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा पेरणीनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत लागून गेलेला असतो. त्या दिवसांत कागद जमवला असेल तर पुढे वकील साधा असला तरी चालतो. कागदच नसेल तर मोठ्या वकिलाच्याही हाती फारसं काही राहत नाही.

सुरुवात बिलापासून. मोंढ्यातल्या दुकानात हा संवाद दर जूनमध्ये होतो. "बिल द्या." "काका, बिलाचं काय घेऊन बसलात, दुकान काय पळून चाललंय का? वहीत लिहिलंय ना." वहीतली उधारी म्हणजे बिल नव्हे. बिलावर तुमचं नाव, तारीख, कंपनी, वाण, लॉट नंबर, बॅगांची संख्या, किंमत आणि दुकानदाराची सही हवी. लॉट नंबर लिहिलेला नसेल तर तिथेच लिहून घ्या. पुढे सगळी तक्रार त्या एका आकड्यावर उभी राहते. उधारीवर घेतलं तरी बिल मागता येतं, आणि पैसे फोनवरून दिले असतील तर तो व्यवहारही जपून ठेवा.

बॅग फोडताना वरची शिवण उसवू नका. खालच्या बाजूने फोडा, म्हणजे टॅग आणि लेबल जागच्या जागी राहतात. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, सत्यप्रत बियाण्याचा (म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेल्या) हिरवा. रिकामी बॅग, टॅग आणि मूठ-दोन मुठी बियाणं पीक निघेपर्यंत कोरड्या जागी ठेवा. पेरणीआधी घरच्या घरी उगवण तपासता आली तर सोन्याहून पिवळं: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडा, गुंडाळी करा, ओल टिकवा आणि साधारण आठवडाभराने चांगले मोड मोजा. सोयाबीनची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. साठच दाणे उगवले तर बॅग परत करा, पेरूच नका.

पेरल्यानंतर आठ दिवसांत रान काय ते सांगतंच. ओळी रिकाम्या दिसल्या की त्याच दिवशी फोटो काढा, त्यात शेजारच्या बांधाची किंवा विहिरीची ओळखीची खूण येऊ द्या, आणि फोनमध्ये तारीख-ठिकाण नोंदण्याची सोय चालू ठेवा. मग लगेच लेखी अर्ज. तो तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पुढे काही उपयोग नाही. दुबार पेरणीची घाई असते हे मान्य, वाफसा थांबत नाही. पण पाहणी होईपर्यंत निदान एक पट्टा तसाच राहू द्या, सगळंच मोडून टाकलं तर समितीला बघायला काय उरणार?

पंचनाम्यात काय असायला हवं

तालुका स्तरावर बियाणे तक्रार निवारण समिती असते. तिच्यात कृषी खात्याचे अधिकारी असतात, कृषी विद्यापीठाचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ असतात, आणि कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावलं जातं. आपल्याकडे विद्यापीठ म्हणजे परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. समिती शेतात येते, उगवलेली रोपं मोजते आणि अहवाल देते. या अहवालासारखा पुरावा दुसरा नाही. पण अर्ध्या कच्च्या अहवालावर तक्रारी पडतातही, म्हणून सही करण्याआधी तो शब्द न शब्द वाचा.

गट नंबर आणि क्षेत्र तुमच्या सातबाऱ्याशी जुळतं का? बिलावरचा लॉट नंबर अहवालात आला आहे का? किती ठिकाणी किती रोपं मोजली, त्यावरून उगवण किती टक्के, हे आकड्यात आहे का? कंपनीच्या माणसाला कळवल्याची नोंद आहे का? तो आला नसेल तर "सूचना देऊनही गैरहजर" असं लिहिलेलं हवं. नाहीतर कंपनी पुढे म्हणणार, आमच्या पाठीमागे केलेला पंचनामा आम्हाला मान्य नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण. "उगवण कमी आढळली" एवढ्यावर अहवाल संपला तर कंपनीचा जवाब ठरलेला असतो: पाऊस पुरेसा नव्हता, बी खोल पडलं, बीजप्रक्रिया केली नाही. दोष बियाण्याचा की अन्य कशाचा, यावर समितीने मत लिहावं असा आग्रह धरा. याच कारणासाठी आपल्या महसूल मंडळात पेरणीआधी किती पाऊस पडला त्याची नोंद काढून ठेवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा असा कृषी विभागाचा सल्ला असतो, आणि तेवढा पडला होता हे कागदावर दाखवता आलं तर कंपनीच्या निम्म्या बचावातली हवा जाते. शेजाऱ्याच्या रानात त्याच दिवशी दुसऱ्या वाणाचं पेरलेलं तरारून उगवलं असेल तर त्याचाही फोटो घ्या.

बियाण्याचा नमुनाच शिल्लक नाही म्हणून हातपाय गाळू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलं की शेतकरी हा ग्राहक आहे, बियाणे कायदा असला तरी ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि सगळं बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याकडे तपासणीसाठी नमुना राखून ठेवल्याची अपेक्षा करता येत नाही. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

आयोगाआधी, आणि आयोगाऐवजी

नोटीस देणं कायद्याने बंधनकारक नाही, पण द्या. एक पान पुरे: काय घेतलं, काय झालं, किती मागतो, पंधरा दिवसांची मुदत. दुकानदार, उत्पादक कंपनी आणि बॅगेवर वेगळी विपणन कंपनी छापली असेल तर ती, तिघांनाही स्पीड पोस्टने पाठवा आणि पावत्या जपा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. फोन, फ्रीज, ऑनलाइन खरेदी, क्लासची फी अशा तक्रारी तिथेच मिटतात असा अनुभव आहे. बियाण्याच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबून राहू नका.

बँकेची तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. तालुका विधी सेवा समितीमार्फत दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे तालुक्याच्या कोर्टात जाऊन नुसतं विचारलं तरी कळतं, पण विचारणारेच कमी.

पीकविम्याचा रस्ता वेगळा आहे.  बियाण्याच्या तक्रारीत विम्याचा विषय घुसडू नका, दोन्ही प्रकरणं लंगडी पडतात.

अर्ज लिहिताना

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातला आपल्या कामाचा सगळ्यात मोठा बदल असा, की तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय हैदराबादला असो की अकोल्याला, हिंगोलीच्या माणसाने हिंगोली जिल्ह्याचं अधिकारक्षेत्र असलेल्या आयोगातच जायचं. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. त्यानंतरही उशिराचं सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नये.

अर्जाची भाषा साधी ठेवा. "विरुद्ध पक्षाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे माझ्यावर आभाळ कोसळले" यापेक्षा "दि. १८ जून रोजी लॉट क्रमांक अमुकच्या दोन बॅगा रु. ६,००० ला घेतल्या, २० जूनला गट नंबर तमुकमध्ये पेरल्या" हे वाक्य दहापट वजनदार आहे. तारखेच्या क्रमाने लिहा, परिच्छेदांना क्रमांक द्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी त्याचा पुरावा कोणत्या पानावर आहे ते नोंदवा. शेवटी अधिकारक्षेत्र, मुदत, मागणी, सत्यापन (मजकूर खरा असल्याची सही), आणि सोबत शपथपत्र. शपथपत्रासाठी स्टॅम्पपेपर आणा असं बाहेरच्या टायपिस्टने सांगितलं तर आधी आयोगाच्या कार्यालयात विचारा. न्यायालयात आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे.

नुकसानीचा हिशोब हा अर्जातला सगळ्यात नाजूक भाग. बहुतेक लोक इथे फुगवतात आणि मग सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास घालवतात. एक नमुना धरू. दोन एकर, पहिली पेरणी वाया, दुबार पेरणी केली. गेल्या तीन वर्षांच्या आडतीच्या पट्ट्यांवरून (माल विकल्याच्या पावत्यांवरून) तुमची सरासरी एकरी सात क्विंटल निघते, उशिराच्या पेऱ्याला चारच क्विंटल उतरले. घट एकरी तीन, दोन एकरांत सहा क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये धरला तर ३१,९६८ रुपये. शिवाय वाया गेलेल्या पेरणीचा खर्च: बियाणं ६,०००, खत २,८००, ट्रॅक्टर २,०००, मिळून १०,८००. एकूण ४२,७६८. आता दुबार पेरणीचा खर्च पुन्हा वेगळा मागू नका. एकदा पेरायचं तर होतंच, जादा पडली ती एकच पेरणी. विरुद्ध पक्षाचा वकील असला दुहेरी हिशोब नेमका पकडतो. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च यांची वेगळी माफक रक्कम मागा, आणि वसुलीपर्यंतचं व्याज मागायला विसरू नका.

जोडायचे कागद: बिल, बॅग आणि टॅगचे फोटो, शिक्क्याचा अर्ज, पंचनामा, सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, पट्ट्या, पावसाची नोंद, नोटीस आणि पोच. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आणि बिलावर मुलाचं, हा घोळ घरोघरी आहे. कुटुंबाची शेती कोण करतं हे शपथपत्रात आधीच सांगून टाका, उलटतपासणीची वाट बघू नका.

दाखल करणं आयोगाच्या कार्यालयात जाऊन किंवा घरबसल्या. २०२५ च्या सुरुवातीला ई-दाखिलची जागा ई-जागृती या संकेतस्थळाने घेतली, मोबाईल नंबरवर नोंदणी होते. ऑनलाइन भरलं तरी छापील संच मागितले जाऊ शकतात, म्हणून प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक आणि आयोगासाठीचे, असे संच तयार ठेवा. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचं असतं.

गावाने मिळून

एकाच दुकानातून एकाच लॉटच्या बॅगा अकरा जणांनी घेतल्या आणि अकराही रानं रिकामी राहिली, तर अकरा वेगळ्या तक्रारी करायची गरज नाही. कायद्यात दोन वाटा आहेत आणि त्यांतला फरक समजून घेणं महत्त्वाचं.

पहिली, कलम ३५ मधली प्रातिनिधिक तक्रार. एक-दोघे जण समान हितसंबंध असलेल्या सर्व ग्राहकांच्या वतीने दाद मागतात. त्याला आयोगाची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाल्यावर वर्तमानपत्रातून किंवा अन्य मार्गाने सगळ्यांना जाहीर सूचना द्यावी लागते. खर्च तक्रारदाराचा. असं प्रकरण सुरू आहे असं कळलं आणि तुमच्याकडेही त्याच लॉटची बॅग असेल, तर सामील करून घ्या म्हणून अर्ज देता येतो. अशा तक्रारीत मागे हटायचं किंवा तडजोड करायची झाली तर बाकीच्यांना सूचना दिल्याशिवाय ते करता येत नाही, हे त्यातलं संरक्षण.

दुसरी वाट साधी: अकराही जणांची नावं घालून, फक्त स्वतःपुरती, एकच संयुक्त तक्रार. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मोकळी असल्याचं सांगितलं. गावपातळीवर माझं मत याच बाजूने आहे. जाहिरातीचा खर्च नाही, आणि परवानगीवर वाद घालून कंपनीला वर्षभर काढता येत नाही.

दोन्हीकडे "समान हित" सिद्ध व्हायला हवं. एकच वाण, एकच लॉट, एकच दोष असेल तर प्रश्न नाही. एकाने दुसऱ्या लॉटची बॅग घेतली असेल तर त्याला भावकी म्हणून ओढू नका, त्याची तक्रार वेगळी करा. आणि एकत्र आलो म्हणजे पुरावाही एकत्र झाला असं नाही. प्रत्येकाचं बिल, प्रत्येकाचा पंचनामा, प्रत्येकाचा हिशोब वेगळ्या पानावर हवा. एका तक्त्यात नाव, गट नंबर, क्षेत्र, बॅगा, लॉट, उगवण, नुकसान आणि बँक खातं असे रकाने पाडून ठेवा. तारखांना जाण्यासाठी दोघांना लेखी अधिकारपत्र द्या. तोंडी "तू बघून घे" असं ठरलं की तिसऱ्या तारखेला कुणीच दिसत नाही. जे सामील झाले नाहीत त्यांची दोन वर्षांची घड्याळं मात्र स्वतंत्र चालू असतात.

फसवणूक एका गावापुरती नसून सगळ्या जिल्ह्यात पसरली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज करा. ग्राहकवर्गाच्या हक्कांचा भंग झाल्याची तक्रार जिल्हाधिकारी किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यांच्याकडे करता येते, आणि प्राधिकरणाला माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला सांगण्याचा अधिकार आहे. "तुमची नुकसानभरपाई मंजूर झाली, प्रक्रिया शुल्क भरा, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोर आहे. आयोग पैसे देण्यासाठी पैसे मागत नाही.

तारखा आणि तडजोड

विरुद्ध पक्षाला जवाब द्यायला तीस दिवस, वाढवून फार तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे. पंचेचाळीस दिवस उलटून जवाब आला तर लेखी हरकत घ्या. त्यानंतर शपथपत्रावर पुरावा, मग लेखी युक्तिवाद. कायदा निकालासाठी तीन महिने सांगतो, प्रयोगशाळेत तपासणी असेल तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात, तयारी ठेवा. गैरहजेरीत तक्रार निकाली निघाली तर जिल्हा आयोगाला ती स्वतः पुन्हा उघडता येत नाही, अपिलात जावं लागतं, म्हणून तारीख चुकवू नका.

मध्येच कधीतरी कंपनीचा माणूस गावात येईल. "दोन बॅगा बदलून देतो, इथे सही करा." कागदावर "पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली" असं लिहिलेलं असतं. पैसे खात्यात जमा होण्याआधी त्यावर सही नाही. तडजोड वाईट नसते. दोन वर्षांनंतरच्या चाळीस हजारांपेक्षा पेरणीआधीचे पंचवीस हजार कधीकधी जास्त कामाचे. पण ती आयोगासमोर किंवा आयोगाच्या मध्यस्थी कक्षात करा. कोणाला किती, कोणत्या तारखेपर्यंत, चुकल्यास किती व्याज, हे लिहून घ्या आणि आदेशात नोंदवून घ्या. बांधावर झालेली तडजोड मोडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आदेशात नोंदलेली मोडली तर थेट वसुली करता येते.

आदेश हातात आल्यावर

अपील पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे. राज्य आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला बसतं, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. कंपनीला अपील करायचं तर आदेशाच्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. मुदत संपूनही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावा. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही. दरखास्तीत आदेशाच्या तारखेपासूनचं व्याज स्वतः मोजून तक्ता लावा, आणि अकरा जणांची रक्कम एकाच प्रतिनिधीच्या नावावर घेण्याऐवजी प्रत्येकाच्या खात्यावर जमा करण्याची मागणी त्याच अर्जात लिहा.